नेवाशातला सहावा अध्याय

शके १२१२. तुम्ही प्रवरेच्या काठी, नेवाशात आहात. देवगिरीच्या गादीवर रामदेवराव यादव आहे. करवीरेश्वराच्या देवळात शिरा आणि माणसांतून वाट काढत पुढे सरका. एका खांबावर अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. परंपरा सांगते, की ज्ञानदेव बसतात ते याच खांबाला टेकून. वय जेमतेम पंधरा. शेजारी थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ. ज्ञानदेव गीतेवर बोलताहेत आणि सच्चिदानंदबाबा ते उतरवून घेत आहेत.

गीतेचा सहावा अध्याय चालू आहे. योग म्हणजे आसनं, अशी तुमची समजूत असेल, तर आधी तुम्ही खूश व्हाल. जागा निवांत हवी. खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर धुतलेलं वस्त्र. टाच कुठे दाबायची, मूळबंध, जालंधर, उड्डियान कसे साधायचे, सगळं नीट समजावलं जातं. मग साडेतीन वेटोळी घालून निजलेली कुंडलिनी जागी होते. मूळ गीतेत तिचं नावही नाही. ही नाथपंथाची ठेव, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून धाकट्या भावाला मिळालेली. गुरूनं शिष्याच्या कानात सांगायची विद्या आज भर सभेत मांडली जातेय, तीही मराठीत.

तेवढ्यात अर्जुन तुमच्याच मनातलं बोलतो: मन वाऱ्यासारखं, ते आवरायचं कसं? उत्तरात चमत्कार नाही. अभ्यास आणि वैराग्य, हीच जोडी पतंजलींच्या योगसूत्रांतही आहे. जेवण, झोप, श्रम, सगळं बेतानं, हे तर आधीच सांगून झालंय. अति खाणाऱ्याला योग नाही, तसा उपाशी राहणाऱ्यालाही नाही.

पण अध्याय ज्या शिखराकडे नेतो, ते वेगळंच आहे. दुसऱ्याचं सुखदुःख ज्याला आपलंच वाटतं, तो योगी श्रेष्ठ. हे सांगणाऱ्याकडे आता नीट पाहा. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेव धरून चारही भावंडांना वाळीत टाकलं होतं. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, असं सांगतात. ज्या समाजानं हे केलं, त्याच्यापुढे हा मुलगा लाडानं अवधान मागतोय. बोलण्यात कुठे कडवटपणा नाही. कुणाची कुंडलिनी कुठवर चढली, हे बाहेरच्याला कळायचा मार्ग नाही. हे कडवटपणा नसणं मात्र देवळात बसलेल्या प्रत्येकाला दिसतंय.