आपली मीटिंग शोधताना

दारू सुटावी म्हणून आपल्या घरांतून काय काय केले जात नाही? देवासमोर शपथा होतात, गळ्यात तुळशीची माळ पडते, आमटीत गुपचूप औषध कालवले जाते, व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्कामही घडतो. पण तिथून घरी परतलेल्या माणसाने संध्याकाळचे सात वाजले की करायचे काय, याचा विचार फार कमी होतो. शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात जमणारे आधारगट नेमकी हीच वेळ सांभाळतात. गाजावाजा न करता चाललेल्या या कामाकडे वाचकांनी आस्थेने पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या गटांचा उगम समजला तर मीटिंगची निवड सोपी होते. मे 1935 मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन व्यवसायाच्या कामाने अमेरिकेतल्याच ॲक्रन शहरात आला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फसले, आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. त्याने फोन उचलला आणि चर्चच्या धर्मगुरूंकडे एक चौकशी सुरू केली: बोलायला एखादा मद्यपी मिळेल का? अशा रीतीने त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. पंधरा मिनिटांत आटोपते घेऊ, असे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. त्यांनी अखेरचा प्याला घेतला तो 10 जून 1935 हा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा, म्हणजे ‘एए’चा, जन्मदिवस मानला जातो. डॉक्टरांना उपदेश नवा नव्हता. त्यांच्यासारखाच पिऊन मोडलेला माणूस स्वतःबद्दल बोलतो आहे, हे नवे होते. मीटिंग निवडताना तुम्हीही हेच पाहा: इथे कुणाच्या बोलण्यात मला माझी गोष्ट ऐकू येते का?

एएच्या मीटिंगला फी नसते, अर्ज नसतो. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. बाहेरची देणगी घेतली जात नाही. खुल्या मीटिंगला घरचे लोक, विद्यार्थी, कुणीही येऊ शकते. बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते. कुठे एकच सदस्य सविस्तर अनुभव सांगतो, कुठे एएच्या बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे व्यसनातून सावरण्याच्या टप्प्यांपैकी, एकीवर चर्चा होते. मुंबई-पुण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांतल्या मीटिंगा आहेत. भाषेचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. लाजेची गोष्ट माणूस आपल्याच भाषेत नीट सांगू शकतो.

म्हणून पहिल्या मीटिंगवरून निकाल देऊ नका. निरनिराळ्या ठिकाणच्या पाच-सहा मीटिंगा पाहा. तुमची पिण्याची वेळ हीच मीटिंगची वेळ असेल आणि जागा घरी परतण्याच्या वाटेवर असेल, तर उत्तम. गावात ओळखीचे भेटतील ही धास्ती असेल, तर शेजारच्या शहरातली किंवा ऑनलाइन मीटिंग धरा. पुरुषांनी भरलेल्या खोलीत स्त्रियांना बोलणे जड जाते. त्यांनी स्त्रियांच्या मीटिंगची मुद्दाम चौकशी करावी. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, पण त्याचे रूप ज्याचे त्याने ठरवायचे असते. तरीही मन घेत नसेल, तर 1994 मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ‘स्मार्ट रिकव्हरी’ हा मानसशास्त्रावर आधारलेला पर्याय आहे.

घरच्यांची वाट वेगळी. त्यांच्यासाठी 1951 पासून ‘अल-अ‍ॅनॉन’ आहे. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’नेही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला आहे. नवरा यायला तयार नसला तरी बायकोने जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

एक सावधगिरी मात्र हवीच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर हातांना कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. न सांगता जेवणातून दिलेले औषधही तितकेच धोक्याचे.

या गटांचा खरेच उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. 2020 मध्ये कॉक्रेन संस्थेने 27 अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. ‘जोडून देणे’ हे शब्द वाचकांनी लक्षात घ्यावेत. हातात पत्त्याचा कागद देणे वेगळे आणि दारापर्यंत सोबत जाणे वेगळे.

चौकशीसाठी 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे आधी पोचा आणि दाराशी जो भेटेल त्याला ‘मी पहिल्यांदाच आलोय’ एवढे सांगा. आडनाव कुणी विचारणार नाही. बोलावेसे वाटले नाही तर नुसते ऐका. मीटिंग संपताच मात्र निघू नका. चहापर्यंत थांबा आणि ज्याचे बोलणे मनाला भिडले त्याचा फोन नंबर मागून घ्या.