खिडकी ताणली की बटणाचे काय होते?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. आपल्याकडे आधारच्या पत्रावर नाव-पत्ता मराठीत आणि इंग्रजीत असतो. ही माहिती भरताना संगणकाच्या पडद्यावरही दोन्ही भाषांना जागा करून द्यावी लागते. जागा म्हणजे किती? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

समजा, पडद्यावरच्या एका बटणावर इंग्रजीत ‘डोन्ट सेव्ह’ लिहिले आहे. त्याचे मराठी ‘जतन करू नका’. बटण इंग्रजी शब्दांच्या मापाने बेतले असेल आणि मराठी मजकूर त्यात मावला नाही, तर शेवटचा शब्द कापला जाईल. उरेल ‘जतन करू’. इंग्रजीत नकार आधी येतो, मराठीत शेवटी. म्हणून आपल्याकडे नुसते अक्षर तुटत नाही, अर्थच उलटतो. उंची कमी पडली तर वरचा रफार किंवा खालचा उकार जातो, ते वेगळेच.

बटणे अशी ताठर का झाली? १९९१ साली आलेल्या ‘व्हिज्युअल बेसिक’मध्ये खिडकीवर (म्हणजे विंडोवर) बटण माऊसने ओढून ठेवता येई. काम झटपट होई. पण बटणाची जागा आणि लांबी-रुंदी आकड्यांत पक्की होई. वापरणाऱ्याने खिडकी ताणली, तर बटणे कोपऱ्यात होती तिथेच राहत. ती हलवायची असतील तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रत्येकीचा हिशेब स्वतः मांडायचा. योगायोग असा की देवनागरीला स्थान देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच.

खरे तर उपाय आधीच सुचला होता. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ तयार केले. त्यात ‘या दोन रेषा समांतर राहोत’ अशी अट घालता येई. आकृती ओढली तरी संगणक ती अट पाळी. १९७८ च्या सुमारास डोनाल्ड नुथ यांनी छपाईसाठी ‘टेक’ ही प्रणाली बनवली. तीत शब्दांमधली मोकळी जागा रबरासारखी ताणता-आवळता येई. दोन्हींचे सार एकच: माप सांगू नका, नाते सांगा.

बटणांच्या बाबतीत हा विचार जॉन ऑस्टरहाउट यांच्या ‘टीके’मध्ये आणि १९९६ च्या जावामध्ये दिसतो. जावाचा प्रोग्रॅम निरनिराळ्या संगणकांवर चालायचा होता आणि प्रत्येकावर अक्षरांचे माप वेगळे. तिथे पक्के आकडे निरुपयोगीच! म्हणून मांडणीचे काम प्रोग्रॅममधल्याच एका व्यवस्थापकाकडे सोपवले. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस अ‍ॅलन बोर्निंग आणि सहकाऱ्यांनी अशी नाती रेषीय समीकरणे म्हणून भराभर सोडवणारी ‘कॅसोवरी’ ही रीत दिली. २०११ साली अ‍ॅपलने ती आपल्या संगणकांत आणली.

यातले गणित आपण दहावीच्या वर्गात शिकवतोच. खिडकीची रुंदी ४०० बिंदू, तीत शेजारी शेजारी दोन सारखी बटणे. दोन्ही कडांना आणि मध्ये २०-२० बिंदू मोकळे. मग क्ष = य आणि क्ष + य = ३४०. प्रत्येक बटण १७० बिंदूंचे. खिडकी ५०० केली की बटण आपोआप २२० चे होते. आता अट घाला: ‘जतन करू नका’ पूर्ण दिसायला बटण निदान १५० बिंदूंचे हवे. मग खिडकी जास्तीत जास्त किती लहान करता येईल?

हा प्रश्न मुलांना फळ्यावर सोडवू द्या. मग फळ्यावरचे बटण बुजवून तिथे मुलांच्या घरच्या बोलीतले, भिलीतले किंवा अहिराणीतले, शब्द लिहायला सांगा. शब्दांची लांबी बदलेल, १५० चा आकडा बदलेल; समीकरण मात्र तेच राहील.