गिरणीतला पाळणा आणि कायद्याची मोजपट्टी

लहान मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या जागेत हवा, उजेड, पाणी आणि देखरेखीची माणसे किती असावीत, हे ठरवण्याचा अधिकार शासनाने प्रथम हाती घेतला तो बालशिक्षणाच्या ओढीने नव्हे, तर गिरणीच्या निमित्ताने. आणि पाळणाघरांच्या नियमनात पुढे जी उणीव राहिली, तिचे मूळ या आरंभातच आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांत वायंडिंग खात्यात, म्हणजे सूत कांड्यांवर गुंडाळण्याच्या कामावर, मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या. पाळी संपेपर्यंत तान्हे मूल निजून राहावे म्हणून त्याला ‘बाळगोळी’, अर्थात अफूची बारीक गोळी, चाटवण्याची चाल गिरणगावात, म्हणजे गिरण्यांभोवतीच्या कामगारवस्तीत, सर्रास होती, आणि 1922 साली डॉ. बार्न्स यांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची जी पाहणी केली, तिच्यात या चालीची नोंद झाली. कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केल्यानंतर, पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याविषयी नियम करण्याची मुभा 1934 च्या कारखाने अधिनियमाने प्रांतिक सरकारांना दिली. स्वातंत्र्यानंतरच्या 1948 च्या अधिनियमातील कलम 48 ने या मुभेचे बंधन केले आणि 1976 च्या दुरुस्तीने पन्नासाचा आकडा तीसवर आणला.

या कलमाखालच्या नियमावल्या आज वाचतानाही त्यांतील बारकावा थक्क करतो. दर मुलामागे वीस चौरस फूट जागा, पाळणा किंवा खाट आणि तिच्यावरचे अंथरूण, आईला पाजण्यासाठी बसायला खुर्ची, मुलाला रोज सुमारे पाव लिटर शुद्ध दूध, आणि धूर, धूळ व गोंगाट यांपासून दूर असलेली इमारत, इतके सारे त्यांत नमूद आहे. परंतु हे सारे आईच्या हजेरीपत्रकावर टांगलेले होते. स्त्रियांची संख्या मर्यादेच्या आत ठेवली की पाळणा टांगण्याची सक्ती उरत नसे, त्यामुळे ज्या तरतुदीने स्त्रियांना आधार द्यायचा तीच त्यांना कामावर न घेण्याचे निमित्त ठरते, असा आक्षेप पुढे वारंवार घेतला गेला, आणि तो निराधार म्हणता येत नाही.

दुसरा प्रवाह शिक्षणाचा. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या सहवासात घडलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे, आणि 1957 पासून अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत, बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. तिथे शिकवण्याआधी आंघोळ, नखे आणि केस यांकडे पाहिले जाई. आरोग्याचा हा दंडक परवान्याने, म्हणजे शासनाच्या लेखी अनुमतीने, आलेला नव्हता, तर शिक्षिकेच्या सवयीने आलेला होता. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेला. मात्र ती शासनाचीच योजना असल्याने खासगी केंद्रांना शिस्त लावणे हे तिचे काम कधीच नव्हते.

दरम्यान शहरांत नोकरदार आयांच्या गरजेतून घरगुती पाळणाघरे वाढली. मातृत्व लाभ अधिनियमाच्या 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि, स्त्रियांऐवजी सर्व कर्मचारी मोजून, जुन्या आक्षेपाला उशिरा का होईना उत्तर दिले. पण मोजणी आस्थापनेचीच राहिली. त्याच सुमारास राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खासगी प्लेस्कूलसाठी मान्यता, कुंपणभिंत, अग्निशामक साधने आणि वीस मुलांमागे एक शिक्षिका व एक मदतनीस असे निकष सुचवले. हे निकष तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुरते आहेत. ज्या वयाच्या मुलांना गिरणगावात बाळगोळी चाटवली जाई, त्या वयाचे तान्हे मूल आज सोसायटीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सांभाळायला दिले, तर यांपैकी एकही मोजपट्टी त्या फ्लॅटच्या दारापर्यंत पोहोचत नाही.