मुखपृष्ठावरील अक्षर आणि चित्र : खिदिरपूरच्या खिळ्यांपासून पिक्सेलपर्यंत

मासिकाचे मुखपृष्ठ संगणकावर तयार करताना तुम्ही दोन जातींच्या प्रतिमा एकत्र आणता. छायाचित्र हे रास्टर, म्हणजे रंगीत चौकोनी ठिपक्यांचे जाळे. मासिकाचे नाव व बोधचिन्ह हे व्हेक्टर, म्हणजे बिंदू आणि वक्ररेषांनी सांगितलेली बाह्यरेषा. हा भेद संगणकाने आणला असे विद्यार्थ्यांना वाटते. छपाईत तो फार जुना आहे.

कलकत्त्यातील खिदिरपूर येथे १८०७ च्या सुमारास बाबूराम नावाच्या पंडितांनी संस्कृत छापखाना काढला. संस्कृत व हिंदी ग्रंथ तेथे देवनागरीत छापले जात. त्याआधी १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण निघाले होते. पण तो मिशनचा छापखाना. खिदिरपूरचा छापखाना एका भारतीयाच्या मालकीचा होता, आणि मुद्रणाच्या इतिहासात त्याचा उल्लेख फारच ओझरता होतो, हे खटकते.

तेव्हाचे अक्षर म्हणजे पोलादी ठशावर कोरलेली बाह्यरेषा. कडा स्वच्छ, मधला भाग भरीव. व्हेक्टरचा स्वभाव हाच. मात्र तुलना एका जागी लंगडी पडते : खिळ्यांच्या प्रत्येक आकारासाठी वेगळा ठसा कोरावा लागे, व्हेक्टर अक्षर हवे तेवढे वाढवता येते.

छायाचित्राची अडचण वेगळी होती. शाई एक तर लागते किंवा लागत नाही. करडी छटा छापायची कशी? उत्तर होते हाफटोन, म्हणजे जाळीतून छायाचित्र घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करणे. कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी या तंत्रावर मूलभूत काम केले, लंडनच्या पेनरोज वार्षिकात त्यावर लेख लिहिले आणि १९१३ मध्ये 'संदेश' हे मुलांचे सचित्र मासिक काढले. मराठीत काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला. हे मित्र बंगाली साहित्याचे मोठे चाहते होते.

रेषेसाठी लाइन ब्लॉक आणि छायाचित्रासाठी हाफटोन ब्लॉक अशी विभागणी ब्लॉकमेकर करीत. अक्षरे जाळीतून गेली की त्यांच्या कडा करवतीसारख्या होत.

तुम्ही मासिकाचे नाव छायाचित्रातच मिसळून टाकलेत, तर नेमके हेच होईल. देवनागरीत ते जास्त जाणवते, कारण शिरोरेषा सलग असते. ती धूसर झाली की सगळा शब्द मळकट दिसतो. ए-४ मुखपृष्ठासाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर छायाचित्र २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे लागते, शिवाय कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा. लहान चित्र ताणून हा आकडा गाठता येत नाही. नसलेला तपशील त्यात येत नाही.

नाव व्हेक्टरमध्येच ठेवा. छापखान्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसेल, तर जोडाक्षरे सुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करतात. त्यानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. मुद्रितशोधन आधी उरका, आणि टंकित मजकुराची एक प्रत वेगळी जपून ठेवा.