यंत्रवाहू वाघिणी (ब्रिटिश प्रतिकृती रेल्वे)

शेतीयंत्रे वाहणारी ब्रिटिश वाघीण ओळखताना आधी तिचा तळ पाहावा. ‘लोमॅक’ प्रकारच्या वाघिणीचा मधला भाग चाकांच्या दरम्यान खाली उतरलेला असतो, उंच यंत्र पूल आणि बोगद्यांखालून सुखरूप जावे म्हणून. ग्रेट वेस्टर्न रेल्वे अशा वाघिणींना ‘लोरिअट’ म्हणे. ‘लोफिट’ प्रकारची वाघीण सपाट, बुटक्या कडांची आणि निर्वात ब्रेक असलेली. १९४८ च्या रेल्वे राष्ट्रीयीकरणानंतर जुन्या वाघिणींच्या क्रमांकाआधी मूळ कंपनीचे अक्षर आले (उदा., ग्रेट वेस्टर्नसाठी ‘डब्ल्यू’); ‘बी’ हे अक्षर ब्रिटिश रेल्वेने स्वतः बांधलेल्या वाघिणींसाठी.

काळ मात्र वाघिणीपेक्षा तिच्यावरचा ट्रॅक्टर अधिक चोख सांगतो. करडा फर्ग्युसन टीई२० कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात बनला. तांबड्या रंगाचा मॅसी फर्ग्युसन ३५ त्यानंतरचा. १९५० च्या देखाव्यात तो ठेवणे ही ढोबळ चूक होय. प्रतिकृती १:७६ प्रमाणाची, म्हणजे ‘डबल ओ’ मापाची असेल, तर ट्रॅक्टरही त्याच प्रमाणाचा घ्यावा. त्याची चाके लाकडी ठोकळ्यांनी अडवून साखळ्यांनी आवळलेली दाखवणे आवश्यक. न बांधलेला ट्रॅक्टर कितीही सुबक असला तरी खोटा वाटतो.