भाड्याचे रेफरल

भाड्याचे रेफरल ही पेड-टू-क्लिक (संक्षेप: पीटीसी) प्रकारच्या संकेतस्थळांवरील एक सशुल्क सुविधा आहे. ही संकेतस्थळे जाहिरात पाहण्याबद्दल सदस्यास अल्प मोबदला देतात. सदस्य ठरावीक शुल्क भरून इतर सदस्यांना काही मुदतीसाठी आपल्या खात्याशी जोडून घेतो व त्यांच्या प्रत्येक क्लिकमागे कमिशन मिळवतो. २००८ साली सुरू झालेले निओबक्स हे ही सुविधा देणाऱ्या संकेतस्थळांपैकी सर्वांत परिचित होय.

स्वरूप

सदस्याने स्वतःच्या दुव्याद्वारे आणलेल्या व्यक्तीस 'थेट रेफरल' म्हणतात. त्यासाठी भाडे द्यावे लागत नाही. भाड्याचे रेफरल मात्र संकेतस्थळच पुरवते. त्यांची मुदत सहसा ३० दिवसांची असते. भाडे घेणाऱ्यास त्यांची ओळख कळत नाही आणि त्यांच्याशी संपर्कही साधता येत नाही; केवळ क्लिकची संख्या व सरासरी दिसते. तसेच त्याने स्वतः दररोज किमान जाहिराती पाहिल्या नाहीत, तर रेफरलच्या क्लिकचे कमिशन सहसा बुडते.

व्यवस्थापन

व्यवस्थापनात मुख्यतः तीन निर्णय येतात: मुदत वाढवणे, निष्क्रिय रेफरल शुल्क भरून बदलून घेणे (यास 'रीसायकल' म्हणतात) आणि मुदत संपू देणे. एकदम अधिक मुदतीचे भाडे भरल्यास सवलत मिळते. मात्र रेफरल मध्येच निष्क्रिय झाल्यास उरलेल्या मुदतीचे भाडे वाया जाते. त्यामुळे जमा रकमेचा काही भाग पुढील भाड्यासाठी राखून ठेवावा लागतो.

नफा-तोट्याचे गणित

उदाहरणार्थ, एका रेफरलचे ३० दिवसांचे भाडे २० सेंट व प्रत्येक क्लिकमागील कमिशन अर्धा सेंट असल्यास भाडे भरून निघण्यास ४० क्लिक, म्हणजे दररोज सरासरी १.३३ क्लिक आवश्यक असतात. त्यात ७ सेंट खर्चून एकदा बदल केल्यास हा आकडा १.८ वर जातो. अशा १०० रेफरलचे मासिक भाडे २० डॉलर होते. बदलाचा खर्च न धरता, सरासरी १.५ राहिल्यास उत्पन्न २२.५० डॉलर, तर १.२ राहिल्यास १८ डॉलर होते. म्हणजेच सरासरीतील किरकोळ घटही नफ्याचे रूपांतर तोट्यात करते. रेफरलची संख्या वाढवल्याने हे प्रमाण बदलत नाही. केवळ गुंतलेली रक्कम वाढते.

टीका व जोखीम

रेफरल खऱ्या व्यक्ती आहेत की संगणकीय आज्ञावली, हे भाडे घेणाऱ्यास स्वतंत्रपणे तपासता येत नाही. सरासरीचे आकडे संकेतस्थळच देते आणि भाडे व बदलाचे शुल्कही त्यालाच मिळते, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे. जाहिरातदारांकडील उत्पन्न अपुरे पडून सदस्यांच्याच शुल्कातून मोबदला दिला जाऊ लागल्यास योजनेस पाँझी योजनेचे स्वरूप येते. तसे संकेतस्थळ बंद पडल्यास खात्यात दिसणारी रक्कम परत मिळण्याची शाश्वती नसते.

भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने नोएडा येथील 'सोशल ट्रेड' योजनेच्या चालकांना अटक केली. या योजनेत भाड्याचे रेफरल नव्हते. तथापि आधी सदस्यशुल्क घेऊन प्रत्येक क्लिकमागे ५ रुपये देण्याचे आश्वासन होते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार फसवणुकीची रक्कम सुमारे ३,७०० कोटी रुपये होती. नव्या सदस्यांच्या भरतीवर आधारलेल्या द्रव्य परिचालन योजनांना भारतात १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.