सुगीच्या उंबरठ्यावरील अद्भुत : आयर्लंडमधील परीसमजुती आणि कुळांचे अर्थजीवन

आयर्लंडमधील परीविषयक लोकसमजुतींकडे अभ्यासक बहुधा दोन दृष्टींनी पाहत आले. डब्ल्यू. बी. येट्स यांनी १८८८ मध्ये आयरिश शेतकऱ्यांच्या परीकथा व लोककथांचा संग्रह संपादित केला, तेव्हा त्यांना या कथांत राष्ट्राच्या काव्यात्म आत्म्याचे दर्शन घडले. पुढील संशोधकांनी त्यांत ख्रिस्तपूर्व धर्माचे अवशेष शोधले. मॉइरे मॅकनील यांचा लुनासा उत्सवावरील १९६२ चा ग्रंथ ही या दुसऱ्या परंपरेतील सर्वांत भरीव कामगिरी होय. या दोन्ही मांडण्यांत शेतकऱ्याचे पोट मात्र काहीसे दुर्लक्षित राहिले.

येथे ‘परी’ हा शब्दही जपून वापरला पाहिजे. मराठी वाचकाच्या मनात या शब्दाने पंखांची, नाजूक आकृती उभी राहते. आयरिश खेड्यातील ‘ते लोक’ तसे नव्हते. ते टेकड्यांच्या पोटात राहत, गुरे पाळत, लोणी काढत आणि माणसांच्या पिकात वाटा मागत. विहिरी-डोहांवरील साती आसरांविषयी आपल्याकडे जी भीतियुक्त आदराची भावना आढळते, ती या कल्पनेला अधिक जवळची आहे. त्यांचे नाव उघड घेत नसत. ‘चांगली माणसे’ म्हणत. रात्री सापाला ‘जनावर’ म्हणणाऱ्यांना यामागील मन उलगडून सांगण्याची गरज नाही.

आयरिश पंचांगात १ ऑगस्टला, म्हणजे लुनासाला, शरद ऋतू सुरू होतो. त्यापूर्वीचा जुलै हा एकोणिसाव्या शतकातील लहान कुळांसाठी वर्षातील सर्वांत कठीण महिना असे. मागील हंगामाचे बटाटे संपलेले आणि नवे अद्याप जमिनीत, अशा या महिन्याला लोक ‘भुकेचा जुलै’ म्हणत. तरीही लुनासापूर्वी बटाटा उकरणे अशुभ व नाकर्तेपणाचे लक्षण मानले जाई. हा निर्बंध वरवर पाहता धार्मिक असला, तरी अपक्व पीक उपटून पुढील महिन्यांची भूक ओढवून घेण्यापासून तो कुटुंबाला आवरत असे. बटाटा खाण्यासाठी आणि ओट विकून खंड भरण्यासाठी, अशी विभागणी अनेक कुळांच्या घरी होती. पीक गेले की अन्न जाई आणि जमीनही जाण्याची भीती असे.

अद्भुताची ठिकाणे पाहिली तर ती नेमकी या जोखमीच्या जागीच आढळतात. कापलेले गवत वाळत असता अचानक वावटळ उठे आणि गवत उचलून नेई. तो पऱ्यांचा वारा होय असे समजून काम करणारे आशीर्वादाचे शब्द उच्चारीत. लोणी घुसळूनही न आल्यास ते कोणी पळविल्याचा संशय येई. अल्स्टरमध्ये शेतातील शेवटच्या उभ्या ताटांची वेणी घालून कापणी करणारे लांबून विळे फेकून ती तोडीत. या पेंढीला ‘म्हातारी’ असे नाव होते, आणि ती घरात टांगून ठेवीत.

१८४५ च्या उत्तर-उन्हाळ्यात बटाट्यावर करपा पडला. पुढील वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देशांतरास गेली. ही आपत्ती समजून घेण्यासाठीही जुनीच भाषा कामी आली. डब्ल्यू. वाय. इव्हान्स-वेंट्झ यांच्या १९११ च्या ग्रंथात गॉलवे परगण्यातील एक आठवण नोंदलेली आहे. तीनुसार दुष्काळाच्या काळी नॉकमा टेकडीवरील आकाशात पऱ्यांची सैन्ये लढताना लोकांनी पाहिली होती. (याच संशोधकांनी पुढे १९२७ मध्ये तिबेटी ‘मृतांचे पुस्तक’ संपादित केले.) बुरशीचे शास्त्र ठाऊक नसलेल्या समाजाने आपले दुःख अर्थशून्य राहू दिले नाही, असे यावरून दिसते. मात्र या उत्तरात जमीनदार आणि सरकार यांना स्थान नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

या श्रद्धेचे सरसकट गौरवीकरण करणेही योग्य नाही. १८९५ मध्ये टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लेअरी या तरुण स्त्रीला पऱ्यांनी बदललेली ठरवून तिच्या पतीने जाळले. हे अद्भुत घराबाहेर पिकाची राखण करीत असेल, पण घरात त्याचा बळी स्त्री ठरली.

१९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माहिती लिहून काढली आणि तिची पाने सुमारे ७,४०,००० भरली. संग्राहकांत मुले होती म्हणूनच कदाचित या नोंदींत देवदेवतांच्या उपपत्ती कमी आणि गाई, लोणी, गवत अधिक आहे.

शेतांमधील वर्तुळाकार मातीचे बांध पऱ्यांचे किल्ले मानले जात. प्रत्यक्षात ते बहुतांशी मध्ययुगाच्या प्रारंभीच्या शेतकऱ्यांचे वाडे होत. त्यांवर नांगर घालण्यास लोक भीत असल्याने असे सुमारे ४५,००० अवशेष नोंदले गेले आहेत. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून येथील एका काटेरी झाडासाठी कथाकार एडी लेनिहान यांनी मोहीम चालविली, आणि नव्या रस्त्याच्या कामात ते झाड राखण्यात आले.